वाचक विचारतात : पहिल्या डब्याच्याही पुढे

‘शाळा सुटल्यावर’ या सदरात गेल्या महिन्यात नाशिकच्या पंचवटीतल्या एका शाळेच्या १९८० च्या दहावीच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याने, म्हणजे आताच्या निवृत्त लोको पायलटने, आपली हकिकत लिहिली होती. वडिलांचा टांगा, आयटीआय, बाकावरच्या मित्राबरोबर भरलेला रेल्वेचा फॉर्म, वैद्यकीय तपासणीत मित्राचं राहून जाणं, कसारा घाटातली वर्षं आणि शेवटी पंचवटी एक्सप्रेस, असा तो सगळा प्रवास होता. त्यावर पत्रं पुष्कळ आली. त्यांतले काही प्रश्न आम्ही त्यांच्याकडे पाठवले. उत्तरं त्यांच्याच शब्दांत, फारशी कात्री न लावता.

शाळेत आपल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं असं तुम्ही लिहिलंत. ते खरंच तसं होतं, की विनय? आणि वडिलांचा टांगा शाळेवरून जायचा तेव्हा काय वाटायचं?
*निवृत्त शिक्षिका, सिन्नर*

बाई, विनय कसला! पन्नासेक पोरांच्या वर्गात मी तिसावा-पस्तिसावा. पहिल्या पाचांना मास्तर नावानं ओळखायचे, शेवटच्या पाचांना छडीनं. मधल्यांनी ‘हजर सर’ म्हटलं की त्यांचं त्या दिवसाचं काम संपलं.

टांग्याचं सांगतो. बाहेरगावच्या यात्रेकरूला नाशिकला उतरल्यावर कळतं की रेल्वे नाशकात येतच नाही. स्टेशन नाशिकरोडला, आणि रामकुंड तिथून नऊ-दहा किलोमीटर. एके काळी या अंतरात घोड्यांची ट्राम चालायची, असं आजोबा सांगायचे. ट्राम गेली, टांगे राहिले. मग बसगाड्या आणि रिक्षांनी टांगेही मागे सारले. मी शाळेत होतो तेव्हा अण्णांना स्टेशनचं भाडं क्वचितच मिळे. सीबीएस, म्हणजे मधलं बस स्टँड, ते रामकुंड, रविवार कारंजा ते काळाराम, असल्या फेऱ्या जास्त. घोड्याचं नाव राजा. मधल्या सुट्टीच्या सुमाराला अण्णा शाळेच्या भिंतीच्या सावलीत टांगा लावून राजाच्या तोंडाला तोबरा बांधायचे. वर्गाच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. लाज वाटायची, खोटं कशाला लिहू? पोरं पाय आपटून तोंडानं ‘टण टण’ करायची, टांग्याच्या घंटेसारखं. मी खिडकीकडे पाठ करून बसायचो. अण्णांनीही कधी हाक मारली नाही. तोबरा सोडायचे, वादी आवळायचे आणि निघून जायचे.

वर्गात मला एका कामापुरता भाव होता. पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढलं की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलंय, कमरेला की छातीला, ही बातमी सकाळी मी आणायची. बातमीवर शाळा सुटणार की नाही ते ठरायचं. निदान पोरं तरी तसं समजायची.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे एका प्रश्नात ती लागणार आहे. आठवीत मी आणि बाकावरचा मित्र चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलो. त्याची रेघ अशी की सरांनी उभं राहून बघावं. रंगांत मात्र घोटाळा. आंब्याची पानं तपकिरी, अंगण हिरवं. सरांना वाटायचं, कार्टं मुद्दाम करतंय. दोन-तीन वेळा मारही बसला. मग मी त्याच्या रंगाच्या पत्र्याच्या पेटीत प्रत्येक वडीशेजारी खिळ्यानं अक्षर कोरून दिलं. तांबड्याला ‘ता’, हिरव्याला ‘हि’, तपकिरीला ‘त’. त्याला ‘ए’ श्रेणी मिळाली. मला ‘सी’.

दहावीनंतर अकरावीला न जाता आयटीआय का? परिस्थिती, की आवड?
*छोटा कारखानदार, अंबड*

५२ टक्के. यात दोन्ही आलं.

तेव्हा सातपूरला एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या, ओझरला मिग विमानांचा कारखाना होता आणि नाशिकरोडला नोटांची प्रेस. गल्लीतला मुलगा ‘प्रेसमध्ये लागला’ असं कळलं की आठवड्याच्या आत मुलीकडचे चहाला यायचे. अण्णा एवढंच म्हणाले, हाताला काही तरी येऊ दे, जनावरावर पोट ठेवू नकोस. त्र्यंबक रोडवर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. मित्राला ६८ टक्के होते, पण त्याच्या घरी पाठची तीन भावंडं, म्हणून तोही माझ्याच ट्रेडला आला. पुढे रेल्वेची जाहिरात त्यानंच आणली. पोस्टल ऑर्डर त्याच्या पैशांची, पेन माझं.

मी इगतपुरीतच वाढलो. मागून ढकलणारी इंजिनं लहानपणापासून बघतोय, पण आत बसलेल्यांना घाट कसा वाटतो ते कुणी सांगितलं नाही. तेवढं सविस्तर लिहा.
*हॉटेलवाले, इगतपुरी*

तुमच्या गावात माझी सतरा वर्षं गेली. तुमचे वडे किती खाल्ले त्याचा हिशेब काढत नाही.

कसारा ते इगतपुरी सोळाएक किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी सुमारे तीनशे मीटर वर येते. चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे जाईपर्यंत एक मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला हे काहीच नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यात पावसाळा, रुळावर शेवाळ आणि पाला! चाक जागच्या जागी फिरायला लागतं. मग रुळावर वाळू सोडायची. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात, हे ऐकून लोक हसतात. ही लाइन १८६५ ची. तेव्हापासून डोंगर आहे तिथेच आहे, बदलली ती इंजिनं.

म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे दोन-तीन इंजिनं लागतात. ते बँकर. मी असिस्टंट म्हणून सुरुवात केली ती बँकरवरच. पुढचा ड्रायव्हर आणि मागचा, दोघे एकमेकांना दिसत नाहीत. मधे अख्खी गाडी, वळणं आणि बोगदे. आमच्या सुरुवातीला सगळा व्यवहार शिट्टीवर चाले, हातात वॉकीटॉकी नंतर आले. मागच्यानं घाई केली तर डबे एकमेकांवर चढायला बघणार, पुढच्यानं केली तर डबे जोडणारं कपलिंग ताणणार. मागच्याला आपली गाडी दिसत नाही, फक्त शेवटच्या डब्याची पाठ दिसते. घाट संपेपर्यंत ती पाठ बघत ढकलत राहायचं. इगतपुरीला वर आलो की आमची इंजिनं सुटणार आणि गाडी पुढे निघून जाणार. आतल्या माणसांना मागे कुणी होतं हे माहीतही नसतं.

मला हे काम नवं वाटलं नाही. होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाकडे चढताना टांग्यात पाच माणसं असली तर अण्णा खाली उतरायचे आणि मागून खांदा लावायचे. एकदा सवारीतल्या बाईंनी विचारलं, टांगेवाला कुठे गेला?

वर जाण्यापेक्षा खाली येण्याचं टेन्शन जास्त. चढावर इंजिन दमलं तर गाडी थांबते. उतारावर ब्रेक दमला तर थांबत नाही. म्हणून इगतपुरीहून निघण्याआधी ब्रेकची तपासणी होते, आणि घाटात कॅच साइडिंग ठेवलेली असते. सुटलेल्या गाडीला मुख्य रुळावरून बाजूला काढून चढावर नेऊन थांबवायची, ही तिची योजना. माझ्यावर तशी पाळी आली नाही. पण तिथून जाताना प्रत्येक वेळी नजर तिकडे जायचीच. घाटातल्या देवीला जोडायचा नमस्कार आणि हे एकदमच उरकायचं.

ब्रेकच्या लाकडी गुटक्यांवर टांगा उतारावर धरताना अण्णांना नाकात जळका वास यायचा. आमच्याकडे सगळा भार नुसत्या ब्रेकवर टाकत नसत. जुन्या डीसी इंजिनांत मोटारी उताराला उलटं काम करायच्या, वीज खायच्या ऐवजी तयार करायच्या. ती वर तारेत जायची आणि त्याच वेळी घाट चढणाऱ्या एखाद्या गाडीच्या कामी यायची. शिकवताना साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नव्हतं.

मी लागलो तेव्हा ‘खेकडा’ अजून दिसायचा. १९२८ च्या सुमाराला परदेशातून आलेलं इंजिन, पुढे-मागे लांब नाक, अंगाला सांधे, आणि उभं असताना कण्हण्याचा आवाज. त्याला हे नाव कुणी दिलं कुणास ठाऊक, पण बसलं चपखल. त्यांतलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. नातवाला मुद्दाम दाखवायला नेलं. तो म्हणाला, आजोबा, याला एसी कुठंय?

तुमच्या धंद्याचंही एक सांगतो. इगतपुरीला गाड्या एवढा वेळ थांबायच्या कारण मुंबईकडून इगतपुरीपर्यंत तारेत १,५०० व्होल्टचा डीसी करंट होता आणि पुढे २५,००० व्होल्टचा एसी. एकाचं इंजिन दुसऱ्याखाली चालत नव्हतं, म्हणून बदलावं लागे. तेवढ्यात लोक खाली उतरून वडे खायचे. पुढे दोन्हींवर चालणारी इंजिनं आली, नंतर मुंबईपर्यंत सगळंच एसी झालं, आणि थांबे आखडले. तुमच्या वडिलांचा गल्ला कमी झाला असेल तर त्याचं कारण व्होल्ट आहे.

इंजिनात शौचालय नसतं असं ऐकलं. खरं का?
*वाचक, ठाणे*

आमच्या सगळ्या उमेदीत नव्हतं. पाणी कमी प्यायचो. त्याचं बिल डॉक्टरांनी पन्नाशीनंतर दिलं, मूतखडा या नावानं. यापेक्षा जास्त तपशील मासिकात शोभणार नाही.

काका, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतेय. मला लोको पायलट व्हायचंय. घरचे म्हणतात हे पुरुषांचं काम. काय तयारी करू?
*विद्यार्थिनी, मालेगाव*

बेटा, घरच्यांना साताऱ्याच्या सुरेखा यादवांचं नाव सांग. त्या आमच्याच पिढीतल्या, रेल्वे चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला. २०११ साली महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन नेली आणि २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. त्या घाटात इंजिन चालवत होत्या तेव्हा डोंगरानं बाई की पुरुष असं काही विचारलं नाही.

आता कामाचं. सुरुवात सहायक लोको पायलट म्हणून होते. दहावी आणि आयटीआय, किंवा तुझ्यासारखा डिप्लोमा चालतो. संगणकावरच्या परीक्षा असतात, त्यानंतर कलचाचणी. तिला आम्ही ‘सायको’ म्हणायचो. पाठांतर तिथे कामाचं नाही. लक्ष किती वेळ टिकतं, डोळा आणि हात किती झटपट जुळतात, हे ती बघते. मग मालगाडी, पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस अशा पायऱ्या. मला एक्सप्रेस मिळायला बावीस वर्षं लागली.

पण क्लासला पैसे भरण्याआधी डोळे तपासून घे. हे पहिलं कर, बाकी सगळं नंतर. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ लागतात. नंबर घालवायला लेझरचं ऑपरेशन केलेलं चालत नाही, ते त्यांना कळतं. आणि रंग ओळखता आले पाहिजेत. पुष्कळांना आपल्याला रंग नीट दिसत नाहीत हे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माहीतच नसतं. कुणी विचारलेलं नसतं ना. मुलींत हा दोष क्वचित असतो, तरी बघून घे. नोकरीत शिरल्यावरही तपासणी सुटत नाही. पंचावन्ननंतर तर दर वर्षी. दर वेळी मी परीक्षेला बसल्यासारखा रात्रभर जागायचो.

आम्ही वीस वर्षं पंचवटीनं मुंबईला अपडाउन केलं. गाडी लेट झाली की ड्रायव्हरला शिव्या घालायचो. तुम्हाला त्या पोचायच्या का?
*माजी पासधारक, नाशिकरोड*

पोचायच्या. दादरला उतरून इंजिनाशेजारून जाताना मुद्दाम मोठ्यानं द्यायचात ना! सिग्नल लाल असताना गाडी न्यायची सोय असती तर तुमच्यासाठी नेली असती.

पण १९७५ पासून ही गाडी नाशिककरांची आहे. रोज सकाळी सातच्या सुमाराला निघून दुसऱ्या शहरात हजेरी लावायची आणि रात्री साडेनऊ-दहाला घरी. एका बाजूला जवळजवळ १९० किलोमीटर. एवढं करणाऱ्यांना चार शिव्यांची सूट द्यायला हवी. तुमची डब्यातली भजनं आणि वाढदिवस इंजिनात ऐकू यायचे नाहीत, याचं मात्र वाईट वाटायचं.

तुमच्या गाडीखाली कधी कुणी आलं का? विचारावं की नाही कळत नव्हतं.
*नाव न छापण्याच्या अटीवर*

आलं. किती, तो आकडा मी घरीही सांगितलेला नाही.

गाडी शंभराच्या पुढे असली तर ती थांबायला जवळजवळ एक किलोमीटर लागतो. माणूस दिसतो तो त्याच्या आत. हॉर्न धरून ठेवायचा, ब्रेक पूर्ण लावायचा, आणि नंतर तुमच्या हातात काही नसतं. काही जण शेवटच्या क्षणी इंजिनाकडे बघतात. आता मी मोबाइलवर बोलत रूळ ओलांडणाऱ्यांवर रस्त्यातही ओरडतो, ते त्यामुळेच. बायको म्हणते लोक वेडा समजतील.

त्यानंतर काय करायचं ते ठरलेलं. कितव्या किलोमीटरला, किती वाजून किती मिनिटांनी, ते गार्डला आणि पुढच्या स्टेशनला कळवायचं, मेमो लिहायचा, आणि गाडी पुढे न्यायची. मागे हजार माणसांना कामावर जायचं असतं. पहिल्या वेळी रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं माझ्यासमोर चहाचा ग्लास ठेवला आणि लासलगावला कांद्याचा भाव काय चाललाय म्हणून विचारलं. मी सांगितला. मग त्यानं द्राक्षांचा विचारला. तासभर आम्ही भावच बोलत होतो. पुढे नव्या पोरांवर ती वेळ आली तेव्हा मीही कांद्यापासूनच सुरुवात केली.

दादा, वहिनींबद्दल लेखात दोनच ओळी? सणवार, मुलांची आजारपणं, हे सगळं कसं निभावलंत?
*गृहिणी, देवळाली कॅम्प*

तिनंही हेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत.

रात्री दोनला कॉल बॉय यायचा. दार वाजवायचा, वही पुढे करायचा, झोपेत सही करायची की अमुक वाजता हजर व्हा. दाराशी त्याचा आवाज आला की धाकटी रडायची. मोठी झाल्यावर तिनं सांगितलं, तिला तेव्हा तो माणूस बाबांना पकडून न्यायला येतो असं वाटायचं. रात्रपाळीहून आलो की मी दिवसा झोपायचो. खिडकीला सतरंजी टांगलेली असायची, आणि आमच्या घरात कितीतरी वर्षं दुपारी कुकर लागला नाही. शिट्टी झाली की मी ताडकन उठून बसायचो. डाळ पातेल्यात शिजायची, दीड तास. एवढं एक उदाहरण पुरे करा, बाकीचं ती स्वतः लिहील तेव्हा वाचा.

सणांचं म्हणाल तर दिवाळी गेली, दसरा गेला, त्याचं एवढं नाही. रंगपंचमी चुकली की जीव तळमळायचा. बाहेरच्यांसाठी सांगतो, जुन्या नाशकात रस्त्याखाली पेशव्यांच्या काळातले दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर बुजवलेले असतात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरतात आणि मग वरून धप्पा! उडी अशी मारायची की काठावरचे भिजले पाहिजेत. एकदा इगतपुरीहून ड्युटी संपवून आलो तो घरी न जाता तसाच रहाडीवर. गणवेशाच्या पँटसह उडी मारली. तो रंग दोन-तीन दिवस अंगावरून जात नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो तर कान गुलाबी. साहेब काही बोलले नाहीत, फक्त हजेरी घेताना कानांकडे बघत राहिले.

प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. माझा बाकावरचा मित्र दर वर्षी काठावर उभा राहून मला विचारायचा, सांग, यंदा कुठल्या रंगात पडलो?

अरे, लेख वाचला. बरा जमलाय. पण दवाखान्याच्या जिन्यावर तू मला काय सांगितलंस ते गाळलंस. का? माझी हरकत नाही, लिहून टाक. आणि पोस्टल ऑर्डरचे पैसे अजून यायचेत.
*बाकावरचा, सध्या इंदिरानगर, नाशिक*

शब्दमर्यादा होती असं सांगणार होतो. पण तुला पटायचं नाही.

वाचकहो, १९८४ सालची गोष्ट. लेखी परीक्षा आम्ही दोघेही पास. त्याला माझ्यापेक्षा चांगले मार्क. मुंबईला वैद्यकीय तपासणी. डोळ्यांच्या रांगेत मी पुढे, तो माझ्यामागे दहा-बारा जण सोडून. आत ठिपक्यांचं पुस्तक असतं. ठिपक्यांच्या गर्दीत दुसऱ्या रंगाच्या ठिपक्यांनी आकडा काढलेला असतो, तो वाचायचा. मी बाहेर आलो. जिन्यावर त्याला गाठलं आणि सांगितलं, १२, ८, ६, २९, ५७. पुढचेही आठवत होते तेवढे सांगितले. त्यानं पाढ्यासारखे घोकले.

का सांगितले? पेटीत अक्षरं कोरली होती, तसेच सांगितले. त्यात काही वाईट आहे हे मनातच आलं नाही. आठवीपासून मला माहीत होतं की याला तांबडं-हिरवं कळत नाही. आणि तरी आम्ही दोघांनी मिळून आगगाडी चालवायचा फॉर्म भरला होता. जोडीनं फॉर्म भरणारी दोन पोरं, पण हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

पुस्तक तो पार करून गेला. मग अंधाऱ्या खोलीत कंदिलाची चाचणी. लांबवर एक बारीक भोक, त्यातून रंगीत उजेड, नाव सांगायचं. कंदिलाला आकडे नसतात. तो बाहेर आला तेव्हा काही बोलला नाही. व्हीटीला आम्ही एकेक वडापाव खाल्ला. नाशिकरोडपर्यंत तो खिडकीत आणि मी दारात. घाटात मागे बँकर लागले तेव्हा सवयीनं बघायला वाकलो, आणि वाटलं, आज नको.

त्यानंतर वर्षाभरात मी असिस्टंट झालो. इंजिनात सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं सांगायचा आणि ड्रायव्हरनं तोच परत म्हणायचा. एकाची चूक दुसऱ्यानं पकडायची म्हणून ही पद्धत. जुलैमधली रात्र होती, घाटात धुकं, पुढची काच पाण्यानं भरलेली. धुक्यातून एक दिवा उगवला. खांब दिसत नव्हता, नुसता दिव्याचा डाग. मी ओरडलो, ‘लाल!’ ड्रायव्हरनं ‘लाल’ म्हणून गाडी उभी केली. आणि तिथे उभ्या गाडीत माझे पाय कापायला लागले. माझ्या जागी मी याला बसवायला निघालो होतो. आकडे पाठ करून.

हे मी कुणाला सांगितलं नाही. याला सांगायची तर छातीच झाली नाही. याची नोकरी गेली याचं वाईट वाटत होतं, आणि गेली ते बरं झालं असंही वाटत होतं. दोन्ही पोटात ठेवून मी याच्या लग्नात जेवलो. बुंदीचे लाडू होते, तीन खाल्ले.

पुढे हा बँकेची परीक्षा देऊन मुंबईच्या शाखेत लागला आणि १९९१ पासून पंचवटीचा पासधारक झाला. २००६ मध्ये ती गाडी माझ्या लिंकमध्ये, म्हणजे ठरलेल्या पाळ्यांत, आली. नाशिकरोडला गाडी फलाटाला लागताना हा कुठे उभा असणार हे मला पाठ, इंजिनापासून तिसऱ्या डब्याच्या दारासमोर, काखेत पेपर. मी हात करायचो, हा पेपर वर करायचा. आठवड्यातून दोन-तीनदा याला मी मुंबईला नेत होतो, आणि तो मागे बसून झोपत होता.

एकदा गाडीला सिग्नल मिळत नव्हता. हा चालत पुढे इंजिनापाशी आला. मी खिडकीतून वाकून बोलत होतो, तेवढ्यात यानंच म्हटलं, चल, मिळाला बघ. मी वळून बघितलं तर हिरवा. मी विचारलं, तुला रे कसा कळला? तर म्हणतो, मला रंग दिसत नाही, पण खालचा दिवा विझून वरचा लागलेला दिसतो की. रोज बघतोय पंधरा वर्षं.

मला त्याला धुक्यातल्या त्या रात्रीचं सांगायचं होतं. दिवा एकटाच होता, वर-खाली कळायला खांब नव्हता, हे सांगायचं होतं. पण सिग्नल झाला होता. गार्डनं झेंडी दाखवली. याला पळत जाऊन डबा गाठायचा होता आणि मी हॉर्न दिला. त्यानंतर ते राहिलं ते आता मासिकातून सांगतोय. तूही कमालच आहेस, साधं पोस्टकार्ड टाकायचं सोडून संपादकांमार्फत विचारतोस.

पोस्टल ऑर्डरचे पैसे रंगपंचमीला आणून देतो. व्याज मागू नकोस, मागच्या दोन मिसळी माझ्याकडून झाल्यात. आणि ती रंगाची पेटी तुझ्या माळ्यावर असली तर काढून ठेव. नातू यंदा एलिमेंटरीला बसतोय, त्याला दाखवायचीय.